कुटुंब या शब्दाचा अर्थ

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

वकील विश्वेश्वर यांनी सांगितलं, काय कधी घडलं ते तारखेनिशी लिहून ठेवा, पुढे लागतं. म्हणून लिहिते आहे. एरवी मला ही सवय नाही.

डायरी हणमंतरावांची. तांब्याची तार विकणारा दुकानदार दरवर्षी त्यांना एक देई आणि ते दरवर्षी ती कोरी ठेवत. पहिल्या आठ पानांवर तारेच्या जाडीचे तक्ते आहेत. नवव्यापासून मी.

आतापर्यंत घडलं ते असं. ९ जानेवारीला हणमंतराव गेले. खाली वर्कशॉपमध्ये, स्टुलावर बसल्या बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर. ते विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करत, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळत. पंखे, पंप, मिक्सर. दिवसकार्य झाल्यावर मी कपाट आवरलं. घराच्या खरेदीखताखाली एक पाकीट होतं आणि त्यात मृत्युपत्र.

बेंगळुरातलं राजाजीनगरचं हे घर आम्ही १९९१ मध्ये दोघांच्या नावे घेतलं. दोघांच्या नावे म्हणजे एक गेला की राहिलेल्याचं, असं मी धरून चालले होते. विश्वेश्वर म्हणाले, तसं नाही. माझा अर्धा माझाच, त्याला कोणी हात लावत नाही. पण त्यांचा अर्धा आपोआप माझ्याकडे चालत येत नाही. मृत्युपत्र नसतं तर त्या अर्ध्याचे तीन भाग झाले असते: मी, मुलगा शार्दूल आणि सासूबाई. म्हणजे चौतीस वर्षं मी या घरात चुकीच्या समजुतीत राहिले. राहण्यात फरक जाणवला नाही.

मृत्युपत्र त्यांच्या अक्षरात, मराठीत, १२ ऑगस्ट २०१९ चं. पूर्ण मजकूर उतरवते:

“मी हणमंतराव, शुद्धीत राहून लिहीतो की माझ्या मागे राजाजीनगरच्या घरातला माझा अर्धा वाटा आणि खालचं वर्कशॉप हे माझ्या कुटुंबास द्यावे. कुणी भांडू नये.”

खाली सही आणि दोन साक्षीदार. एक गिरीराज, त्यांचा वर्कशॉपमधला जुना सोबती. दुसरा पिराजी, समोरच्या औषधांच्या दुकानाचा मालक, तो मागच्या वर्षी गेला. वाक्यं दोन. शुद्धलेखनाची चूक एक, ‘लिहीतो’.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घराचा खाता माझ्या नावे करून घ्यायला पालिकेच्या कार्यालयात गेले. खाता म्हणजे त्यांच्या दफ्तरात घर कोणाचं आहे याची नोंद. कन्नड भाषांतर हवं म्हणून ते शिक्क्यासकट आधीच करून घेतलं होतं. भाषांतर करणाऱ्याने ‘माझ्या कुटुंबास’चं ‘नन्न कुटुंबक्के’ केलं. शब्द जसाच्या तसा पलीकडे गेला.

टेबलावरच्या माणसाने ते वाचलं आणि विचारलं, कुटुंबात कोण कोण? मी म्हटलं, इथे कुटुंब म्हणजे पत्नी. तो म्हणाला, कुटुंब म्हणजे कुटुंब, मॅडम. मग घरातल्या सगळ्यांची नावं लिहून घेतली आणि सांगितलं, बाकीच्यांनी तुमच्या नावे हक्क सोडल्याचं नोंदणीकृत पत्र आणा. नाहीतर कोर्टातून अर्थ लावून आणा.

कोर्टातून शब्दाचा अर्थ लावून मिळतो हे मला माहीत नव्हतं. शब्दकोश स्वस्त पडतो.

९ फेब्रुवारी, रविवार

शार्दूल आणि सून मैत्रेयी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बेळ्ळंदूरहून आले. पावणेदोन तास लागले. पहिली वीस मिनिटं रस्त्याबद्दल बोलण्यात गेली.

शार्दूल त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि अजून बूट दारात आडवे काढतो. मी हक्कसोडपत्राचं सांगितलं. तो म्हणाला, “आई, ते मी ऑलरेडी करून आणलंय.” मला बरं वाटलं. कागद चार पानी होता. मी भिंग काढलं. तेहतीस वर्षं मी घड्याळाच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली आहेत. भिंगाशिवाय सही करत नाही.

दुसऱ्या पानावर हक्क सोडणाऱ्यांची नावं होती: सासूबाई आणि मी. ज्याच्या लाभात सोडायचा त्याचं नाव शार्दूल. म्हणजे मी त्यांच्याच नव्हे, माझ्या स्वतःच्या अर्ध्यावरचाही हक्क सोडत होते.

विचारल्यावर म्हणाला की एकाच नावावर असलं की पुढचं सोपं जातं. एक बिल्डर तयार आहे. घर पाडायचं, चार मजले चढवायचे, दोन आपले. तोवर मी आणि सासूबाईंनी बेळ्ळंदूरला राहायचं. लिफ्ट येईल. दोन म्हाताऱ्या बायका एकट्या राहतात आणि रात्री काही झालं तर तो पावणेदोन तास लांब, याची त्याला झोप लागत नाही. हे शेवटचं तो खरं बोलत होता. लहानपणापासून खोटं बोलताना तो कान चोळतो. चोळला नाही.

मी म्हटलं, “एकाच नावावर सोपं जातं हे मला मान्य आहे. नाव कोणाचं, एवढाच मतभेद आहे.”

मग मृत्युपत्रावर आलो. कुटुंबास म्हणजे मला, असं मी सांगितलं. मैत्रेयी म्हणाली, “पण आई, कुटुंब म्हणजे फॅमिली ना? ऑब्व्हियसली?” मैत्रेयी पुण्याची. तिचं मराठी शुद्ध आहे असं मीच लग्नाच्या वेळी सर्वांना सांगितलं होतं.

शार्दूल कागद घडी करत शांतपणे म्हणाला, “आई, तूच शिकवलंस. मी शाळेत निबंधात लिहिलं होतं, माझ्या बाबांचं कुटुंब कारखान्यात जातं. तू लाल पेनने गोल केलास आणि वहीत दहा वेळा लिहून घेतलंस. कुटुंब म्हणजे घरातील सर्व माणसे.”

मला आठवलं. दहा नव्हे, वीस वेळा.

१० फेब्रुवारी, सोमवार

सासूबाईंना विचारलं. त्यांचं नाव सकवारबाई, वय शहाण्णव, आणि त्यांना सगळे अक्का म्हणतात. आमच्या पुण्यात अक्का म्हणजे थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूला बहीण म्हणायला तयार नव्हते. दोन वर्षांनी म्हणायला लागले. या घराण्याला बेंगळुरात येऊन साडेतीनशे वर्षं झाली आहेत असं सांगतात. त्यांनी मराठी आणलं ते त्या वेळचं, आणि नंतर ते बदलायला परत गेले नाहीत.

मृत्युपत्र वाचून दाखवलं. अक्का पान कुटत होत्या. म्हणाल्या, “तर मग? तुलाच दिलंय की.”

मी म्हटलं, कुटुंब म्हणजे सगळे असंही होतं.

“सगळ्यांस सगळे म्हणतात. कुटुंब म्हणजे बायकू. माझा दादला मला कुटुंब म्हणायचा. आता सहीला कधी जायचं तेवढं सांग. ऑटोत बसून किती दीस झाले.”

त्यांचा हक्क त्या सोडायला तयार आहेत. अडचण शार्दूलच्या सहीची आहे.

चटणी पाट्यावर वाटते आहे. मिक्सर खाली वर्कशॉपमध्ये आहे. वर्कशॉपला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे. सध्या उघडण्याचं कारण नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

विश्वेश्वर यांच्याकडे गेले होते. मराठी त्यांना थोडं समजतं, राजाजीनगरात जन्म गेला म्हणून. ते म्हणाले, कोर्टात गेलं तर शब्दकोश पाहत नाहीत, लिहिणारा माणूस तो शब्द कोणत्या अर्थाने वापरायचा ते पाहतात. त्यांचं आणखी काही लिखाण आहे का? पत्रं? पत्नीला कुटुंब म्हटलेलं कुठे सापडलं तर मुलगाही ऐकेल, कोर्टात जायची पाळी येणार नाही.

मी म्हटलं, असं काही सापडणार नाही, कारण मीच बंदी घातली होती.

ते सगळं सांगणं भाग होतं. १९७९ मध्ये लग्न झालं. तिसऱ्या दिवशी हणमंतरावांनी एका पाहुण्याला माझी ओळख करून दिली: “हे आमचं कुटुंब.” मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली. मी पाहुण्यासमोर म्हटलं, “मी कुटुंब नाही. मी एकटी बाई आहे. मला नाव आहे.” पाहुणा कॉफी न घेता गेला. त्यानंतर हणमंतरावांनी तो शब्द माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. सुचेता असंही कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या घरात बायकोचं नाव घेण्याची रीत नाही. पंचेचाळीस वर्षं मला ‘अवो’ अशी हाक होती. माझं नाव त्यांनी घराच्या कागदांवर लिहिलं असेल तेवढंच, तेही सरकारने विचारलं म्हणून.

विश्वेश्वर थोडा वेळ पेनचं टोपण उघडत आणि लावत बसले. मग म्हणाले, मॅडम, हे तुम्ही डायरीत लिहू नका.

लिहिलं आहे. मालात दोष असेल तर तपासणीच्या पट्टीवर नोंदवायचा असतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

झोप नीट लागली नाही, म्हणून प्रश्न मांडून पाहिला. मृत्युपत्र त्यांनी त्यांच्या भाषेत लिहिलं असेल तर सगळा वाटा माझा. माझ्या भाषेत लिहिलं असेल तर तिघांचा. इतकी वर्षं मी त्यांची भाषा दुरुस्त केली. महत्त्वाचा कागद आहे, शुद्ध लिहावा, असं त्यांना वाटलं असेल तर ते माझ्याच शिकवणीने वाटलं असणार. म्हणजे माझी शिकवणी जितकी यशस्वी, तितकं घर कमी.

२ मार्च, रविवार

गिरीराजला बोलावलं होतं. तो आता यशवंतपुरात पंपांच्या दुकानात जातो. बासष्ट वर्षांचा आहे. कन्नड बोलतो, मराठी समजतं, वाचता येत नाही. हणमंतरावांना अण्णा म्हणायचा, मला अम्मा म्हणतो, जरी मी त्याच्याहून सातच वर्षांनी मोठी आहे.

सही केली तेव्हा काय लिहिलंय हे विचारलं होतं का, असं मी विचारलं. विचारलं होतं म्हणाला. अण्णा हसले आणि म्हणाले, “घर तिचं, एवढंच लिहिलंय. पण एक शब्द असा घातलाय, की वाचून ती चूक काढेल. काढू दे.”

मी त्याला तेच पुन्हा दोनदा सांगायला लावलं. तिन्ही वेळा सारखंच सांगितलं.

याचा अर्थ चूक आहे हे त्यांना माहीत होतं आणि तरी त्यांनी ती तशीच ठेवली. मृत्युपत्रात. हा निष्काळजीपणा आहे. साक्षीदारासमोर चेष्टा करायची ही वेळ होती का?

शार्दूलला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, गिरीअण्णा तुला बरं वाटावं म्हणून सांगत असेल. अशक्य नाही. गिरीराज मला घाबरतो.

जाताना गिरीराजने वर्कशॉपची किल्ली मागितली. मशीनला तेल द्यायचं होतं म्हणे. मी दिली नाही.

१५ मार्च, शनिवार

शार्दूलचा फोन. बिल्डर महिनाअखेरपर्यंत थांबेल. मी म्हटलं, त्याला बसायला खुर्ची दे.

मग तो म्हणाला, “आई, तुला ते घर कशाला हवंय? बाबा तर नाहीत.” मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.

दूध उतू गेलं नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

भंगारवाला येऊन गेला. शार्दूलनेच पाठवला होता, वर्कशॉप रिकामं करायला. त्याला परत पाठवला. पण कधीतरी उघडावं लागणार होतं, म्हणून आजच उघडलं.

धूळ अपेक्षेपेक्षा कमी. बाकावर माझा मिक्सर. खालचं झाकण काढलेलं, वाइंडिंग अर्धं झालेलं. शेजारी त्यांचा चष्मा.

९ जानेवारीला सकाळी मी जिन्यावरून म्हटलं होतं, “आज संध्याकाळपर्यंत झाला नाही तर मी नवा आणते.” ते म्हणाले होते, “स्वल्प थांबा की अवो.” शेवटचं बोलणं हे. शेवटचं ठरेल हे माहीत असतं तर मी काय म्हटलं असतं, सांगता येत नाही. मिक्सर बिघडलेलाच होता.

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला ते पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत. काम झालं की चिठ्ठी काढून भिंतीवरच्या तारेच्या आकड्यात खोचत. मिक्सरची चिठ्ठी अजून वायरलाच बांधलेली होती. दिवा लावून वाचली.

“९ जाने. कुटुंबाचा मिक्सर. संध्याकाळच्या आत.”

स्टुलावर बसले. स्टूल डुगडुगतं. कधी बोलले नाहीत.

२३ मार्च, रविवार

भिंतीवर आकडे अकरा आहेत. सगळे काढून वर आणले. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या कन्नडमध्ये आहेत, घरच्या वस्तूंच्या मराठीत. वेगळ्या करायला सुरुवात केली. अक्कांनी विचारलं काय निवडते आहेस. म्हटलं, पुरावा. त्या म्हणाल्या, “खडे बघून काढ.”

३० मार्च, रविवार

उगादी. यंदा गुढी नाही. अक्कांनी कडुनिंब आणि गूळ मात्र सोडला नाही. म्हणाल्या, तो सणाचा नाही, वर्षाचा आहे.

चिठ्ठ्यांची तपासणी पूर्ण. १९८१ ते २०२५, म्हणजे या घरात येण्याआधीच्याही. घरच्या वस्तूंच्या एकूण दोनशे बारा. त्यांपैकी ‘अक्काचा’ किंवा ‘अक्काची’ सेहेचाळीस, ‘शार्दूलचा’ एकतीस, ‘मैत्रेयीचा’ चार. ‘कुटुंबाचा’ एकशे एकतीस. माझ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाची वस्तू ‘कुटुंबाची’ म्हणून नोंदलेली एकही नाही. अपवाद शून्य. कारखान्यात इतकी सातत्याची बॅच मी दोनदाच पाहिली.

म्हणजे १९७९ ला त्यांनी शब्द सोडला नाही, फक्त खाली नेला.

काही चिठ्ठ्या उतरवून ठेवते.

“कुटुंबाचा मिक्सर. आधी हा.” अशा एकोणीस. 

“कुटुंबाची इस्त्री. चटका बसतो. आजच.”

“कुटुंबाचा टेबलपंखा. आवाज जायला पाहिजे. परीक्षा आहे.” ही १९८८ ची. तेव्हा मी खात्यातली परीक्षा देत होते. पंख्याचा आवाज एकाएकी बंद झाला होता. विजेचा दाब सुधारला असं मी धरून चालले. तसं मी वीज मंडळाला आभाराचं पत्रही लिहिलं होतं.

“कुटुंबाचा पंखा. ती कामावर गेली की काढायचा, यायच्या आत लावायचा.” अशा सात.

“कुटुंबाचं घड्याळ. हात लावायचा नाही.” एक. याचं कारण कळलं नाही. घड्याळं मला येतात, त्यांना येत नसत, म्हणून असावं. मग चिठ्ठी कशाला बांधली?

भिंगाची काच पुसावी लागली. धुरकट झाली होती.

५ एप्रिल, शनिवार

शार्दूल एकटाच आला. रस्ता मोकळा होता म्हणाला, तासाभरात पोचला. बूट दारात आडवे.

मी चिठ्ठ्या चार गठ्ठ्यांत लावून टेबलावर ठेवल्या आणि कॉफी करायला गेले. परत आले तेव्हा तो तिसरा गठ्ठा वाचत होता, स्वतःचा. “शार्दूलचा टेबललॅम्प. बारावी.” “शार्दूलचा सायकल-दिवा, परत.” मग मोठा गठ्ठा घेतला. एकेक वाचून उलटा ठेवत गेला. कॉफी गार झाली. मी दुसरी केली. तीही झाली.

शेवटी म्हणाला, “म्हणजे मी कुटुंबात नाहीच.”

“तू शार्दूल आहेस,” मी म्हटलं. “तसं स्पष्ट लिहिलंय. एकतीस वेळा.”

तो हसला आणि मग कान न चोळता म्हणाला, “मला खरंच वाटलं होतं की तुम्ही दोघं बोलतच नव्हता.”

मी म्हटलं की बोलत होतो. कामापुरतं.

“आई,” तो म्हणाला, “एकशे एकतीस कामं आहेत ही.”

बिल्डरला नाही म्हणून सांगतो म्हणाला. रात्रीच्या काळजीचं काय, असं मीच विचारलं, कारण तो मुद्दा योग्य होता. गिरीराजला वर्कशॉप चालवायला द्यायचं ठरलं. मागच्या खोलीत राहील. यशवंतपुरात त्याला कोणी वाट पाहणारं नाही. अक्का सरी म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे, मग माझा पंखा पण बघेल.

शार्दूलने टेबललॅम्पची चिठ्ठी मागितली. दिली. मूळ पुरावा आहे, जपून ठेव, असं सांगितलं. दारातले बूट मी सरळ केले, तो जिना उतरायच्या आधी.

१४ एप्रिल, सोमवार

विश्वेश्वर यांनी नवं हक्कसोडपत्र लिहिलं. हक्क सोडणारे सकवारबाई आणि शार्दूल, लाभ माझा. दोन पानी. एक चूक सापडली, अक्कांचं वय एकोणसत्तर छापलं होतं. अक्का म्हणाल्या, असू दे की. दुरुस्त करून घेतलं.

त्याबरोबर माझं स्वतःचं मृत्युपत्रही करून घेतलं. माझ्यामागे सगळं शार्दूलला. अक्का आणि गिरीराज यांना हयातभर राहण्याचा हक्क. शार्दूलचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता घातला. शब्दांवर काही सोडलं नाही.

विश्वेश्वर म्हणाले, मॅडम, आता अर्थाचा प्रश्न मिटला, मृत्युपत्रातला तो शब्द कोणी बघणार पण नाही. चिठ्ठ्यांची पिशवी परत नेऊ शकता.

परत आणली आहे. पुराव्याची गरज नाही म्हणून ती टाकावी असा नियम नाही. कपाटात, खरेदीखताखाली ठेवली.

२४ एप्रिल, गुरुवार

आज नोंदणी झाली. साडेदहाची वेळ होती, बाराला आत घेतलं. अक्कांना ऑटोतून आणलं, त्यांना वाटेतला प्रत्येक सिग्नल पाहायचा होता. त्यांच्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला दिसेनात. पाच वेळा प्रयत्न केला. अक्का यंत्राला म्हणाल्या, पुसून गेल्यात बाबा, भाकरी थापून. सहाव्या वेळी दिसल्या. शार्दूलचा अंगठा पहिल्यांदाच उठला. त्याने सही केली आणि पेन माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं, जरा सरळ करून.

मग तिथल्या कारकुनाने सोबत जोडलेलं मृत्युपत्राचं भाषांतर चाळलं. विश्वेश्वर म्हणाले होते की कोणी बघणार नाही. याने बघितलं. तरुण मुलगा, कपाळावर आडवं भस्म. ‘कुटुंबक्के’ या शब्दावर बोट ठेवून त्याने मान वर केली. त्याला काही अडत नव्हतं, बहुतेक उत्सुकता असावी.

“कुटुंब अंदरे?” त्याने विचारलं. “यार यारु?” कुटुंब म्हणजे कोण कोण.

शार्दूल सांगायला पुढे सरकला. मी त्याला हाताने थांबवलं. भाषांतर चुकलं आहे हे सांगता आलं असतं. जुनं मराठी, नवं मराठी, सगळं सांगता आलं असतं. रांग मोठी होती.

“नानोब्बळे,” मी म्हटलं. मी एकटी.

त्याने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

“सरी,” म्हणाला, आणि शिक्का मारला.